जिप्सीच्या पाट्यांचे बुश एकाच हंगामात फाटले, काहून?

ताडोबा_जिप्सी

नमस्कार मंडळी. माझी २०११ ची जिप्सी किंग आहे, वरून उघडी. ताडोबाच्या मोहर्ली गेटवर सफारीला चालते. ३० जूनच्या दुपारच्या फेरीनंतर कोअर (जंगलाचा आतला भाग) बंद झालं, आता १ ऑक्टोबरपर्यंत गाडीला उसंत आहे. या दिवसांत जे काम निघते ते हातावेगळं करून टाकतो, एकदा गेट उघडलं की गाडी खोलायला मंगळवारशिवाय दिवस मिळत नाही.

गोष्ट अशी आहे. मागच्या ऑगस्टात एका गॅरेजमध्ये चारही पाट्यांचे (चाकांवरच्या कमानी स्प्रिंगचे) सगळे बुश (त्यांच्या टोकांना बोल्टभोवती बसणारे रबरी तुकडे) नवे टाकले. पैसे पूर्ण दिले, सामान डोळ्यासमोर पाकिटातून काढून लावलं. ऑक्टोबरात गाडी एकदम मऊ चालली. फेब्रुवारीत पहिला आवाज आला, अन् जून येईपर्यंत जशी आधी होती त्याहून वाईट झाली. ब्रेक दाबला की पुढून एक टक्, सोडला की परत एक टक्. उजवं चाक खड्ड्यात गेलं की गाडी अर्धा हात उजवीकडे ओढते. चंद्रपूरच्या रोडवर ५५ च्या वर गेलो की स्टिअरिंग हातात थरथरते. टायर बॅलन्स करून घेतले, काही फरक नाही.

पण सर्वात मोठा त्रास आवाजाचा आहे, तो नीट सांगतो. आम्ही जंगलात इंजिन बंद करून कान देतो. वाघ दिसायच्या आधी त्याची खबर चितळ देते, सांबर देते, वानर देते. कॉल एकदाच येतो अन् कोणत्या बाजूने आला हे त्याच क्षणी समजलं पाहिजे. मे महिन्यात एका पाणवठ्याजवळ गाडी बंद करून उभे होतो. सांबराने एक कॉल दिला. मागचे तिघं कॅमेरे घेऊन उठले अन् शॅकलने (पाट्याचं एक टोक चेसिसला जोडणारी हलती पट्टी) असा कर्रर्र आवाज काढला की दुसरा कॉल आला की नाही तेही कळलं नाही. गाइड काहीच बोलला नाही, फक्त खाली गाडीकडे पाहिलं. पाहुणे नाशिकहून आले होते, दोन दिवसांत त्यांना वाघ दिसला नाही. जंगल आहे, दिसेलच असं नसते, हे मलाही समजते. पण त्या दिवशी आपल्या गाडीमुळे राहिलं असं मला अजून वाटते, अन् ते मनातून जाऊन नाही राहिलं.

गाडीबद्दल : पाटे कंपनीचे नाहीत. आधीच्या मालकाने वजनासाठी बनवून घेतलेले आहेत. चेसिसला फिक्स असलेल्या टोकाला एकसंध बुश आहे, आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी कवच. शॅकलच्या बाजूला दोन अर्ध्या तुकड्यांचे रबरी बुश, दोन्हीकडून दाबून बसवतात तसे. परवा सिमेंटच्या ओट्यावर उभी करून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत टेप लावला. डावीकडे २३७६ मि.मी., उजवीकडे २३६४. पुस्तकात व्हीलबेस २३७५ आहे. म्हणजे उजवीकडचा एक्सल सरकला आहे ना?

माझे प्रश्न :

नवे बुश नऊ महिन्यांत काहून फाटले? माल खराब, की बसवण्यात चूक?

आमच्याकडचा लेथवाला म्हणून राहिला की नायलॉनच्या रॉडचे बुश कापून देतो, आयुष्यभर पाहायला नको. एक मित्र पॉलीयुरेथेन घे म्हणतो. कोणाचं ऐकू?

अन् हे काम मी घरी करू शकतो का? दोन जॅक आहेत, चार घोडे (गाडी टेकवायचे स्टँड) आहेत, ग्राइंडर आहे, प्रेस नाही. क्लच प्लेट अन् ब्रेकची कामं मी स्वतः करतो.

थार_रत्नागिरी

पॉलीचा अनुभव सांगतो. माझ्याकडे जुनी थार सीआरडीई आहे, पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. मागे पॉली टाकले. पहिले दोन महिने गाडी एकदम आवळलेली, वळणावर मस्त. मग लाल धूळ आत गेली आणि घाटात प्रत्येक वळणाला पाळण्यासारखा किरकिर आवाज. खोलायचं, पुसायचं, सिलिकॉन ग्रीस भरायचं, परत बसवायचं, असं वर्षातून तीन वेळा केलं आणि रबरावर परत आलो. तुम्हाला शांत गाडी हवी असेल तर माझ्या मते पॉली नको.

कमानपाटा_कराड

भाऊ, आमचं पाट्यांचंच दुकान आहे, वडिलांपासून. ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, जीप, सगळं येतं. तुमचं वाचून पहिला प्रश्न मनात आला तो हा : त्या गॅरेजवाल्यानं बोल्ट कधी आवळले? चाकं हवेत लटकलेली असताना, का गाडी जमिनीवर उतरवून?

मी सांगतो काय झालं असणार. गाडी लिफ्टवर नाहीतर घोड्यांवर. एक्सल खाली लोंबकळतोय. पाटा सरळ न राहता खाली वाकडा झालाय. अशात नवा बुश घातला आणि बोल्ट करकचून आवळला, की आतली नळी चेसिसच्या दोन कानांत (ब्रॅकेटच्या दोन पट्ट्यांत) जाम होते. बुशचं बाहेरचं कवच पाट्याच्या कड्यात (टोकाच्या गोल वळणात) जाम. मधे रबर दोन्हीकडं चिकटलेलं. आता गाडी खाली उतरवली की पाटा आपल्या जागी येतो आणि मधलं रबर पिळलं जातं. गाडी उभी असतानासुद्धा ते पिळलेलंच. वर सहा पाहुणे, गाइड आणि तुम्ही बसलात की आणखी पीळ. मग खड्डा आला की आणखी. ओला टॉवेल पिळून ठेवल्यासारखं ते रबर रात्रंदिवस पिळात राहतं. नऊ महिने टिकलं हेच पुष्कळ.

एकसंध बुशला हा नियम सोडता येत नाही. बोल्ट हातानं लावायचे, गाडी चारी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची, दहा-पंधरा फूट पुढं-मागं घ्यायची आणि मगच शेवटचा आवळ. अर्ध्या तुकड्यांच्या बुशला रबर चिकटवलेलं नसतं, त्यामुळं तेवढं नुकसान होत नाही, पण सवय तीच ठेवा.

उजवीकडचे १२ मि.मी. तिथलेच. ब्रेक दाबला की जमीन पुढच्या एक्सलला मागं ढकलते आणि तो ताण फिक्स टोकाचा बुश घेतो. जिप्सीला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढं असतं, फिक्स टोक मागं. तो मागचा बुश फाटला की एक्सल ब्रेकला मागं, सोडला की पुढं. तुमचा टक् आणि परत टक्. पण बुशवर सगळं ढकलू नका. पाटा एक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले झाले, किंवा पाट्यांच्या पट्ट्या मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटला, तरी एक्सल असाच सरकतो. सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट बसलंय का ते आधी बघा. थरथरीला किंगपिनचं (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन) बेअरिंग आणि स्टिअरिंगचे रॉड एंड (दांड्यांच्या टोकाचे सांधे) सुद्धा कारण असतात. चाक वर उचलून वर-खाली धरून हलवलं की किंगपिनचा खेळ हाताला कळतो.

नायलॉनबद्दल. लेथवाला बुश चांगला कातेल, त्याच्या हाताला दोष नाही. पण तुमच्या गाडीचं एक चाक दगडावर चढतं आणि दुसरं खड्ड्यात असतं तेव्हा पाटा नुसता वर-खाली होत नाही, आडवाही पिळतो. तो पीळ रबर गिळतं. नायलॉन देत नाही. मग तो पीळ जातो कुठं? शॅकलच्या पट्टीत आणि चेसिसला वेल्ड केलेल्या ब्रॅकेटमधे. नायलॉन टाकलेल्या दोन जीपचे ब्रॅकेट मुळातून चिरलेले मी स्वतः वेल्ड केलेत. त्यात नायलॉन पाणी पितो आणि फुगतो, पावसाळ्यात पिन जाम होते. ट्रकला आम्ही गनमेटलचे बुश टाकतो, ते चालतात, कारण त्या पिनला ग्रीस निपल असतो आणि शहाणा ड्रायव्हर नेमानं ग्रीस मारतो. ट्रकला शांततेची गरज नसते. तुम्हाला आहे. रबरच टाका.

घरी होतं हे काम. प्रेस लागत नाही. आधी खोला, काय निघतं ते इथं सांगा, मग पुढचं बोलू. आणि आजपासूनच सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवायचं तेल रोज संध्याकाळी मारायला लागा. तेल बोल्टावर, रबरावर नाही.

रबरवाली_भोसरी

मी रबरी भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. कराडच्या दादांनी बसवण्याचं अगदी बरोबर सांगितलंय, पण मला तुमचे जुने बुश बघितल्याशिवाय तेच एक कारण आहे असं म्हणवत नाही. फाटलेलं रबर स्वतःच सांगतं, फक्त टाकून देऊ नका. कुठल्या टोकाचा कुठला, हे खडूने लिहून ठेवा आणि मग एकेक हातात घेऊन बघा.

चीर जर नळीभोवती गोल फिरलेली असेल, रबर अजून लवचीक असेल आणि फाटलेली कड स्वच्छ असेल, तर ते पिळून फाटलं. दादा म्हणतात ते.

रबर वरून टणक, राखाडी, आणि पृष्ठभागावर बारीक बारीक भेगांची जाळी असेल, तर ते उष्णतेनं आणि हवेतल्या ओझोननं म्हातारं झालंय. चंद्रपूरचा उन्हाळा बघता ते होणारच, पण नऊ महिन्यांत खोल भेगा पडणार नाहीत. पडल्या असतील तर माल जुना किंवा हलका होता.

आणि रबर फुगलेलं, मऊ, बोटाला काळं लागणारं, नखानं खरवडलं तर निघणारं असेल, तर त्याला तेल लागलंय. हे फार जणांच्या लक्षात येत नाही. या बुशांमध्ये बहुतेक वेळा नैसर्गिक रबर असतं, कारण वारंवार दबून-ताणून न थकण्याचा त्याचा गुण चांगला आहे. पण डिझेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस हे सगळं ते शोषून घेतं आणि फुगतं. फुगलेल्या रबरात ताकद राहत नाही.

म्हणून एक विचारते, रागावू नका. गाडी धुतल्यावर खालून ऑइलचा फवारा मारून घेता का?

पॉलीचा विचार करताय म्हणून एवढंच : बुशचं रबर साधारण ५५ ते ७० शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचं असतं, पॉली ८० ते ९५ च्या आसपास. रस्त्यावर वेगात वळायचं असेल तर तो कडकपणा कामाला येतो. जंगलात २० च्या वेगानं जाणाऱ्या गाडीत तो फक्त पाहुण्यांच्या कमरेपर्यंत पोचतो.

ताडोबा_जिप्सी

ताई, तुमचा प्रश्न वाचला अन् दोन मिनिटं तसाच बसलो.

होय. दर पंधरा दिवसांनी धुतल्यावर जळकं ऑइल अन् डिझेल मिसळून खालून फवारा मारून घेतो. पाट्यांवर तर जास्तच, आवाज करून राहिले म्हणून. फेब्रुवारीत पहिला आवाज आल्यावर मी तो फवारा आठवड्यातून एकदा केला. म्हणजे आवाज थांबवायला म्हणून जे करत होतो त्यानंच तो वाढवला.

काल अन् आज मिळून चारही पाट्यांची टोकं खोलली. बारा जागा, वीस बुश. जे निघालं ते सांगतो.

चार एकसंध बुश : चारही आतून फाटलेले. चीर नळीभोवती गोल, अगदी तुम्ही म्हणालात तशी. पुढचा उजवा तर पूर्ण सुटलेला, नळी बोटाने फिरते. रबर मात्र मधे काळं अन् ताजं आहे. म्हणजे कराडचे दादा बरोबर. मागच्या वर्षी मी तिथंच उभा होतो, गाडी वर होती अन् त्या पोराने एअर गनने चारही बोल्ट वरच्या वर आवळले होते. मला तेव्हा माहीत असतं तर थांबवलं असतं.

शॅकलचे सोळा तुकडे : मागचे आठही फुगलेले. कॉलर मशरूमसारखी बाहेर आली आहे. नखाने खरवडलं तर निघते. पुढच्या आठपैकी पाच तसेच. तीन चांगले आहेत, अन् ते तीन नेमके त्या बाजूचे आहेत जिथं फवाऱ्याची नळी पोचायला अडचण होते.

खात्री करायला एक छोटा प्रयोग केला. त्या तीन चांगल्या तुकड्यांपैकी एकाचे दोन भाग केले. एक साबणाच्या पाण्यात ठेवला, एक डिझेलमध्ये. दोन दिवसांनी काढले. पाण्यातला जसाच्या तसा. डिझेलमधला फुगून मऊ झाला, चिमटीत धरून पिरगाळला तर तुटला. माझा मोठा मुलगा नववीत आहे, तो बाजूलाच बसून होता. तो म्हणाला, बाबा, हे तर आपण गाडीला दर पंधरवड्याला पाजत होतो.

यू-बोल्ट अन् सेंटर बोल्ट ठीक आहेत. किंगपिनला खेळ नाही. डावीकडचा एक रॉड एंड ढिला निघाला, तो नवा घेतो.

आता अडचण : पुढच्या उजव्या टोकाचा बुशचा बाहेरचा कवच कड्यातच गंजून बसला आहे. हातोड्याने हलत नाही. आमच्या इथला वेल्डर म्हणतो गॅसने जाळून काढतो. अन् त्या टोकाच्या बोल्टला मधे झिजून पायरी पडली आहे. दुसरं, वजनाचं सांगा. माझी गाडी रिकामी कधीच चालत नाही. मग शेवटचा आवळ रिकाम्या गाडीवर द्यायचा की भरलेल्या?

कमानपाटा_कराड

गॅस लावू देऊ नका. दोन कारणं. जळणाऱ्या रबराचा धूर छातीला वाईट, बंद जागेत तर अजिबात नको. आणि पाट्याच्या पोलादाला जे पाणी दिलेलं असतं ते कड्याजवळ तापवलं की उतरतं. मग ते कडं हळूहळू उघडतं, नाहीतर तिथंच तडा जातो. पाट्याला वेल्डिंगही कधी करायचं नाही, कड्याला तर नाहीच. कडं उघडलं असेल तर मेन पाटा बदलायचा.

कवच काढायची रीत : आधी मधलं रबर ड्रिलनं चारी बाजूंनी भोकं पाडून मोकळं करा, नळी आणि रबर ओढून काढा. मग हॅकसॉची पाती काढा, कड्यातून आरपार घाला आणि परत फ्रेमला लावा. आता आतून बाहेरच्या दिशेनं कवच लांबीत कापायचं. सावकाश. कवच पातळ असतं, ते कापून पाती पाट्याला लागली की आवाज आणि हाताला लागणारा ताठरपणा बदलतो, तिथं थांबा. एक चीर पुरते, अडलंच तर समोर दुसरी. मग जुना स्क्रूड्रायव्हर चिरेत घालून कवच आत दुमडा. सुटतं. पाट्याच्या आतल्या बाजूला खोल चरा पडू देऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो.

मग कडं तारेच्या ब्रशनं आणि बारीक एमरीनं साफ करून व्हर्नियरनं आडवं आणि उभं दोन्ही मापा. गोल असेल तर दोन्ही मापं सारखी येतात. तुमचे पाटे बनवलेले आहेत म्हणून सांगतो, दुकानात जिप्सीचे बुश म्हणून मागू नका. कड्याचं आतलं माप, बोल्टची जाडी आणि चेसिसच्या दोन कानांमधलं अंतर, तीन आकडे लिहून न्या. जुने बुश मापून नेलेत तर फुगलेल्या रबराचं माप घेऊन जाल.

नवा बसवायला : तगडा लांब बोल्ट, बुशच्या नळीतून जाईल एवढा. एका बाजूला पाइपचा तुकडा, ज्याच्या आतून बुश सहज जाईल पण ज्याची कड पाट्याच्या कड्यावर टेकेल. दुसऱ्या बाजूला जाड वॉशर किंवा सॉकेट, जे फक्त बुशच्या बाहेरच्या कवचावर दाब देईल. मधल्या नळीवर दाब दिलात तर नवा बुश बसवतानाच फाटेल. नट फिरवत जा, सरळ जातोय ना ते दर दोन फेऱ्यांनी बघा. शॅकलचे अर्धे तुकडे हातानंच बसतात, साबणाचं पाणी लावा. ग्रीस नाही, ऑइल नाही.

झिजलेला बोल्ट टाकून द्या. त्याच जाडीचा, त्याच ग्रेडचा नवा, आणि ज्या भागावर नळी टेकते तिथं आटे नसलेला, साधा गुळगुळीत असा बघून घ्या. नट नवे.

काम करताना एका वेळी एकच टोक. चेसिस घोड्यांवर, एक्सलखाली वेगळा जॅक, आणि तो जॅक वर-खाली करून पाट्यावर ताण ना दाब अशी जागा शोधायची. बोल्ट बोटानं सरकायला लागला की समजायचं जागा सापडली. शॉकअपचा खालचा बोल्ट सोडा. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना ते दर वेळी बघा. अंगाखाली गाडी फक्त जॅकवर कधी ठेवू नका, घोडा पाहिजेच.

वजनाचा प्रश्न फार चांगला विचारलात. नियमाचा अर्थच हा की गाडी बहुतेक वेळ ज्या उंचीवर चालते त्या उंचीवर रबराला पीळ नसावा. तुमची गाडी दिवसभर भरलेली असते. मग भरलेल्या गाडीवरच आवळा.

रबरवाली_भोसरी

प्रयोग वाचून फार आनंद झाला, आणि मुलाला माझ्याकडून शाबासकी. आम्ही प्रयोगशाळेत हेच करतो, फक्त तेल ठरावीक असतं आणि तापमान, वेळ नोंदवतो.

पुढे गंजही टाळायचा आहे, म्हणून नुसता फवारा बंद करा एवढंच मी म्हणणार नाही, तुमच्याकडे चिखल आणि पाणी दोन्ही आहे. चेसिसवर अंडरकोट रंग द्या, एकदा आणि नीट, बुशांना आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून. पाट्यांच्या पट्ट्यांमध्ये घर्षण कमी करायला कोरडी ग्राफाइट भुकटी चालते, ती रबराला काही करत नाही. आणि शॅकल कधी कुरकुरलंच तर सिलिकॉन स्प्रे, तोही थोडा.

नवे बुश घेताना पाकीट उघडून रबर दाबून आणि थोडं वाकवून बघा. वाकवल्यावर बाकाच्या बाहेरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या तर तो माल दुकानात बराच काळ पडलेला आहे. परत द्या.

ताडोबा_जिप्सी

झालं मंडळी. उशीर झाला सांगायला, मधे तीन दिवस सतत पाऊस होता अन् ओट्यावर ताडपत्री बांधून काम करावं लागलं.

कवच हॅकसॉने निघालं. दीड तास लागला, दोन पाती मोडल्या, पण पाट्याला चरा नाही. कडं मापलं, गोल आहे. तीन आकडे लिहून नागपूरला गेलो, दोन दुकानांत मापं जुळली नाहीत, तिसऱ्यात मिळाले. पहिल्या पाकिटातला एक बुश वाकवल्यावर भेगाळला. दुकानदाराला दाखवला, त्याने काही न बोलता आतून दुसरा डबा आणून दिला.

चारही एकसंध बुश बोल्ट-पाइपने बसवले. पहिल्याला सकाळ गेली, चौथ्याला वीस मिनिटं. शॅकलचे सोळा तुकडे साबणाच्या पाण्याने हातानंच गेले. पोराने प्रत्येक जागी खडूने आकडा घातला होता, एक ते बारा, अन् आवळून झाला की त्यावर बरोबरची खूण करत गेला.

वजन : भावाच्या घरून तांदळाचे पन्नास किलोचे आठ कट्टे आणले. सहा मागच्या सीटांवर, दोन मधे गाइडच्या जागी. पुढच्या सीटवर भाऊ बसला अन् माझ्या जागी बायको, कारण मी गाडीखाली होतो. त्याआधी गाडी चार वेळा दाबून हलवली, ओट्यावरून खाली-वर केली, चाकांना गुटके लावले, अन् मग टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर बाराही जागा आवळल्या. खाली पाठीवर पडून वर पाहिलं तर शॅकल पहिल्यांदाच सरळ उभे दिसले, दोन्ही बाजूला सारखी फट.

मग टेप लावला. डावीकडे २३७५, उजवीकडे २३७३.

चंद्रपूरला जाऊन आलो, ६५ पर्यंत स्टिअरिंग हातात गप्प आहे. रॉड एंडचाही त्यात वाटा असेल. ब्रेकचा टक् गेला. बफरची (कोअरभोवतीच्या जंगलाची) एक फेरी मिळाली रविवारी, पाऊस थांबलेला होता. एका वळणावर गाडी बंद केली अन् मुद्दाम पाहुण्यांना म्हटलं, उभे राहून पाहा. पाचही जण उभे राहिले. खालून काही आलं नाही. पानांवरून थेंब पडून राहिले होते ते ऐकू येत होते, अन् लांब कुठंतरी मोर. तोच गाइड होता माझ्यासोबत. त्याने परत खाली गाडीकडे पाहिलं, अन् या वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

कराडचे दादा, भोसरीच्या ताई, रत्नागिरीचे भाऊ, तुमचे उपकार मानतो. आमच्या गेटवरच्या अजून चार जणांनी फवारा मारणं बंद केलं आहे, त्यांना तो डिझेलमधला तुकडा दाखवला.

थार_रत्नागिरी

वाचून बरं वाटलं. एक विचारायचं होतं. यू-बोल्ट पण परत आवळायचे का काही दिवसांनी? मी गणपतीआधी माझ्या मागच्या पाट्यांचं काम काढतोय.

कमानपाटा_कराड

हो. साधारण २०० किलोमीटर झाले की एकदा, यू-बोल्ट आणि बुशचे बोल्ट दोन्ही, गाडी जमिनीवर आणि नेहमीच्या वजनात. यू-बोल्ट आवळताना एकच नट एकदम नाही, तिरपे समोरासमोर, थोडे थोडे. आणि कोकणात आहात तर बोल्ट बसवताना नळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे जिथं लोखंडावर लोखंड आहे तिथं, कॉपर ग्रीसचा पातळ हात फिरवा. रबराला लागलेलं पुसून काढा. पुढच्या वेळी बोल्ट नळीत जाम होणार नाही.